बंद शनिवार

कडी जिथे असायला हवी तिथे साखळी होती. मॅलकी ब्रॉफीचा हात तीस वर्षांच्या सवयीने, डोळ्यांना न विचारता, क्लॉनमार इस्टेटीच्या लहानशा लोखंडी फाटकाकडे गेला. आणि कडीच्या झिजून गुळगुळीत झालेल्या वळणाऐवजी बोटांना जाड, खरबरीत, दवाने भिजलेली साखळी लागली तेव्हा क्षणभर त्याला वाटले की आपण भलत्याच फाटकापाशी आलो आहोत. किंवा, त्याहून वाईट, फाटक तेच आहे आणि हात भलत्याचा आहे. पाय अजून थांबले नव्हते. थांबण्याचा हुकूम वरून खाली पोहोचायला वेळ लागावा तसे ते जागच्या जागी पडत राहिले. मागे दोन मैलांवर किलकेनी शहर धुक्यात बुडाले होते. किल्ल्याखालून निघणारी कालव्याची वाट, संगमरवर कापण्याच्या बंद पडलेल्या गिरण्या, नोर नदीचे ते वळण, हे सारे त्याने नेहमीप्रमाणे मागे टाकले होते आणि नेहमीप्रमाणे त्यातले काहीही पाहिले नव्हते. ज्या वाटेवरून माणूस हजारदा धावला आहे ती वाट त्याला दिसत नाही. ती त्याच्या गुडघ्यांत आणि श्वासांत जाऊन बसलेली असते, आणि जिथे तुटते तिथेच ती पुन्हा वाट होते. ब्रॉफीने साखळी सोडली. तळहातावर गंजाची तांबूस रेघ उमटली होती. त्रेसष्ट वर्षे जगलेल्या, कागदांशिवाय फारसे काही न हाताळलेल्या त्या हाताकडे तो पाहत राहिला; आणि मग फाटकापलीकडून कोणीतरी खाकरले.

टॉसी ग्रेस, इस्टेटीचा जुना गडी, चेस्टनटच्या ओल्या पानांत बूट रोवून घडीच्या खुर्चीवर बसला होता. मांडीवर वही, पायाशी चहाचा थर्मास आणि कागदात गुंडाळलेला मनुकांचा पाव. खुर्चीच्या पाठीला अडकवलेला रेडिओ जिल्ह्यात काल वारलेल्यांची नावे, दफनाच्या वेळा आणि चर्चचे पत्ते हलक्या आवाजात वाचत होता. यादी संपेपर्यंत टॉसीने एक बोट वर धरून ब्रॉफीला थांबवले. आपले नाव आले नाही एवढे रोज ऐकून घ्यावे, म्हणजे दिवस बरा जातो, असे त्याचे म्हणणे. मग त्याने सांगितले की सकाळपासून दोन जर्मन, त्यांचा एक कुत्रा आणि एक पाद्री एवढ्यांना त्याने परत पाठवले आहे, पाद्र्याने तर दोन शब्द ऐकवलेही. पण ज्याने हे फाटक बंद करायला लावले त्यालाच परत पाठवण्याची पाळी येईल हे काही त्याच्या स्वप्नात आले नव्हते. "नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, ब्रॉफीसाहेब," तो म्हणाला. "तुमचंच पत्र. आता भोगा."

पत्र त्याचेच होते. एकतीस वर्षांपूर्वी, वकिलीच्या दुसऱ्याच वर्षात, लँगली घराण्याच्या वृद्ध मालकिणीला त्याने ते लिहिले होते: दोन पाने, सात परिच्छेद, आणि ज्यातून एक विशेषण काढता येणार नाही अशी वाक्ये. त्या पत्राचा त्याला आजही थोडा अभिमान होता, जसा एखाद्याला तरुणपणी बांधलेल्या भिंतीचा असतो. बाईंचा प्रश्न साधा होता. शहरातली माणसे इस्टेटीतल्या वाटेने नदीकाठच्या जुन्या मठाच्या अवशेषांपर्यंत फिरायला येतात, धावायला येतात. त्यांना हाकलावे असे काही वाटत नाही, पण उद्या ती वाट त्यांच्या मालकीची होऊन बसू नये. ब्रॉफीने उत्तर दिले की वहिवाट पिकायला तीन अटी लागतात: जबरी नको, चोरी नको, आणि मालकाची परवानगीही नको. जो उघड, निर्वेधपणे, आपलाच हक्क असल्यासारखा वीस वर्षे एका वाटेने जातो, त्याची ती वाट होते. तेव्हा लोकांना येऊ द्यावे. मात्र वर्षातून एक दिवस फाटकाला साखळी घालावी, तिथे माणूस बसवावा, आणि जो येईल त्याला नाव लिहून घेऊन परत पाठवावे. एक दिवस पुरे. त्या एका दिवसाने उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा अर्थ बदलतो; ते हक्काचे दिवस न राहता मेहेरबानीचे होतात. हे शेवटचे वाक्य त्याने तीनदा लिहून पाहिले होते. त्या वयात त्याला वाटे की नेमके लिहिलेले वाक्य कोणाचेही वाईट करू शकत नाही.

आणि हा दिवस तो विसरला होता. याचे त्याला, टॉसीसमोर उभा असताना, साखळीपेक्षाही अधिक आश्चर्य वाटले. मग कारण उमगले. हा दिवस स्वतः लक्षात ठेवणे त्याने केव्हाच सोडून दिले होते. तो कार्मेलने लक्षात ठेवलेला असे. आदल्या शनिवारी, परतीच्या वाटेवर, किल्ल्याच्या भिंती दिसू लागल्या की ती म्हणे, पुढच्या आठवड्यात बंद शनिवार बरं का, वकीलसाहेब. आणि तो मान हलवी. 'बंद शनिवार' हे नावही तिचेच. एकोणीस नोव्हेंबर तिने ते उच्चारले. यंदा ते उच्चारणारे कोणी शेजारी धावत नव्हते, म्हणून दिवस आला तरी त्याला कळले नाही.

कार्मेल फीलन शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी ती धावणाऱ्यांच्या मंडळात आली: चाळिशी नुकतीच ओलांडलेली, जरा जाड, दुसऱ्या मैलाला शिट्टीसारखा श्वास सोडणारी, आणि पहिल्याच दिवशी ब्रॉफीशी वाद घालणारी. वादाचा विषय असा की त्याने मंडळासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत किलकेनी ते क्लॉनमार ही वाट 'सौम्य चढाची' म्हटली होती, आणि तिच्या मते ज्याने तो शब्द लिहिला त्याला त्या चढावरून पाठीवर बटाट्याचे पोते देऊन पळवायला हवे होते. त्याने शब्दाचे समर्थन केले, उंची फुटांत सांगितली. ती ऐकत होती आणि धापा टाकत होती आणि हसत होती. मंडळातले इतर लोक वर्षभरात पांगले. कोणाचा गुडघा, कोणाचे मूल, कोणाची खेळातली नवी आवड. शनिवारी सकाळी नऊला फाटकापाशी ही दोघेच उरली. ती दुसऱ्या रस्त्याने, आपल्या घराकडून येई, तो कालव्याने. कोण आधी पोहोचेल याचा नेम नसे, पण जो पोहोचे तो कडीवर हात ठेवून उभा राही, आणि दुसऱ्याची पावले ऐकू आली की कडी उघडी. मग चेस्टनटच्या रांगेतून साडेतीन मैलांचा फेर: मठाचा मोडका मनोरा, त्याच्या खिडकीत घरटी केलेले कावळे, भिंतीआडचे थडग्यांचे चौकोनी अंगण, पवित्र मानलेली विहीर, बंधारा, आणि परत. विहिरीपाशी ती नेहमी उजवीकडून वळे, सूर्य फिरतो तशी, आणि कडेच्या दगडाला दोन बोटे लावी. त्याने एकदा तिला विचारले होते की दृष्टीच्या शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या बाईने असल्या गोष्टी मानाव्यात का. ती म्हणाली, मानत नाही, लावते.

पहिल्याच नोव्हेंबरात तिने साखळीचा अर्थ विचारला आणि त्याने तिला सगळे समजावले, तीन अटी, वीस वर्षे, एक दिवस. पत्र आपण लिहिले हेही सांगितले, किंचित अधिक सविस्तर. ती म्हणाली की म्हणजे ती म्हातारी बिचारी वर्षभर दार उघडं ठेवते आणि एका दिवसात ते सगळं पुसून टाकते. तुम्हा लोकांना हे सुचतं तरी कसं. आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, असे सुचवले की त्या शनिवारी आपण बाहेरून जाऊ: इस्टेटीच्या कुंपणभिंतीला लागून जो सार्वजनिक रस्ता जातो त्याने पूर्ण फेर घेऊ, सहा मैल होतील, पण तो रस्ता कोणाच्या बापाचा नाही. ब्रॉफीने विचार केला. खरोखरच केला, तो कोणतीही सूचना विचार न करता फेटाळत नसे. रस्त्याला पदपथ नाही, वळणावर ट्रॅक्टर येतात, डांबर गुडघ्यांना वाईट. आणि वर्षातून एक शनिवार विश्रांती मिळाली तर शरीराला ते हितकरच. ही चारही कारणे खरी होती. आजही, फाटकाचा गार गज धरून उभा असताना, त्याला त्यातले एकही खोटे सापडले नाही. तिने पुढे दोन-तीन वर्षे तेच सुचवले, चेष्टेत, आणि मग सोडून दिले. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने क्लॉनमारच्या वाटेखाली एक ओळ वाढवली: नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार वगळून.

ती पुस्तिका आता त्याच्या टेबलावर होती आणि तिच्यात देशातल्या एकवीस वाटा होत्या. त्यातल्या नऊ त्या दोघांनी मिळून मोजल्या होत्या, कधी मंडळाच्या बसने जाऊन, पुढे तिच्या गाडीने. फीनिक्स पार्कमध्ये सकाळच्या दवातून हरणे अशी उभी राहिली होती की जणू त्यांनाच हे दोघे अचानक दिसले. ब्रॉफीने लिहिले, 'हरणांपासून अंतर राखावे.' ग्लेंडालोखच्या दोन तळ्यांमधल्या वाटेवर तिचा पाय मुरगळला आणि तिने त्याच्या खांद्यावर भार टाकला. तिथून गाडीपर्यंत पाऊण मैल त्याच्या मानेजवळ तिचा श्वास होता, लोकर आणि घाम आणि पेपरमिंट. त्याने लिहिले, 'वरच्या तळ्यानंतर दगड निसरडे.' बॉइन नदीच्या काठी जुन्या वाड्यांच्या भिंतींखालून धावताना पाऊस आला, आणि एका कमानीखाली दोघे वीस मिनिटे उभी होती, इतकी जवळ की तिच्या ओल्या बाहीची वाफ त्याच्या बाहीवर येत होती. वीस मिनिटांत माणूस काय काय बोलू शकतो याचा त्याने पुढे अनेकदा हिशेब मांडला. त्याने लिहिले होते, 'कमानीखाली आडोसा मिळतो.' ती ओळ वाचून कोणत्याही परक्या माणसाला काही कळणार नाही, आणि ती वाचून तो स्वतः कधीकधी पान मिटून घेई. त्या नऊ वाटांपैकी प्रत्येकीत असे एखादे वाक्य होते, नेमके, निरुपद्रवी, ज्याच्या तळाशी तो हात धरायचा राहून गेला होता.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात ती त्याच्या कचेरीत आली. घर विकून पश्चिमेला, क्लेअरमध्ये लाहिंचला, बहिणीकडे जायचे ठरवले होते. कागद त्यानेच करावेत. त्याने ते केले, आणि त्या वर्षातले त्याचे ते सर्वांत निर्दोष खरेदीखत होते. नेहमीचे प्रश्न नेहमीच्या क्रमाने विचारताना तो त्या प्रश्नापाशी आला, जो प्रत्येक विकणाऱ्याला विचारावाच लागतो: या घरावर तिसऱ्या कोणाचा काही हक्क, काही दावा आहे का. कार्मेलने खिडकीतून बाहेर पाहिले, मग त्याच्याकडे, डोळे तपासताना पाहत असेल तसे, एक-एक भिंग बदलून. "अजूनपर्यंत कोणी सांगितला तरी नाही," ती म्हणाली. त्याने लिहिले: नाही. पेनाची शाई जरा पसरली म्हणून त्याने टीपकागद दाबला. एवढे सगळे त्याला स्पष्ट आठवत होते, शाईचा वाससुद्धा. फक्त तो प्रश्न विचारणारा माणूस त्याला आठवता येत नव्हता. त्या खुर्चीत कोणीच बसलेले दिसत नव्हते.

आणि मग तो शनिवार, बंद शनिवाराच्या आधीचा, एक वर्ष आणि एक आठवड्यापूर्वीचा. फेर संपला होता, फाटकाबाहेर दोघे आपापल्या रस्त्याला लागायची होती. तिने टोपी कानांवर ओढली आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी भेटू, मॅलकी."

"पुढच्या शनिवारी बंद असतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि गेली.

'पुढच्या' ऐकताच तिचेच दरवर्षीचे वाक्य त्याला आठवले होते, आणि त्यानेच तिची चूक दुरुस्त केली होती. घरी जाताना त्याला थोडे वाईटही वाटले होते, की जी बाई एकोणीस वर्षे इतरांना हा दिवस आठवून देते तीच आता विसरू लागली. घर आवरण्याची दगदग असेल. पुढच्या शनिवारी तो उशिरा उठला, पॉरिज केले, वर्तमानपत्र वाचले. डिसेंबरात ती बांधाबांधीत होती, दोनच शनिवार आली, त्याबद्दल काही बोलली नाही. जानेवारीत गेली. ईस्टरला तिचे कार्ड आले: मागे निळ्या पेनाने किनाऱ्याची एक वाकडी रेघ, आणि खाली, वाळूवरून साडेचार मैल जाता येतं, एकही फाटक नाही, गुडघ्यांना बरं, ये कधीतरी. त्याने उत्तर लिहिले. दिवस मोठे झाल्यावर अवश्य विचार करीन, असे. दिवस मोठे झाले आणि पुन्हा लहान झाले. आणि तो दर शनिवारी नऊला या फाटकापाशी येत राहिला, कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहत राहिला, जणू दुसऱ्या रस्त्याने पावले यायची आहेत.

टॉसी काहीतरी बोलत होता. तो म्हणत होता की गंमत बघा, गेल्या वर्षी याच दिवशी तुमच्या त्या चष्म्याच्या बाई, आणि यंदा तुम्ही. ठरवून एकेक येता की काय. ब्रॉफीने गज सोडला. कोण आले होते, असे त्याने विचारले, साक्षीदाराला विचारावे तसे, सावकाश. टॉसीने नाकावरचा चष्मा बोटाने वर केला. त्याच बाई, हा चष्मा ज्यांनी दिला त्या. नऊला आल्या, इथेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, चहा दिला तर म्हणाल्या नको, दोघं आलो की घेऊ. मी म्हटलं साहेब तर यायचे नाहीत आज, त्यांचाच नियम. म्हणाल्या, बघू या. तासभर होत्या. पाऊस नव्हता, पण वारा होता हो, कापणारा. एवढे सांगून टॉसीने वही चाळली आणि ते पान फाटकाच्या गजांमधून पुढे केले. एका वर्षाची सहा-सात नावे, बोजड अक्षरांत, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द: परत. परत. परत. सर्वांत खाली: मिसेस फीलन, थांबल्या, नऊ ते दहा.

"मी 'परत'च लिहीत होतो," टॉसी म्हणाला. "त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला परत पाठवलं असं नको, टॉसी. थांबले होते असं लिही."

तू मला सांगितले का नाहीस, हा प्रश्न ब्रॉफीच्या ओठांपर्यंत आला आणि त्याला तो विचारण्याचा अधिकार नाही हे कळून परत गेला. पण टॉसीने तो वाचला असावा. तुम्हाला ठाऊकच असणार असं वाटलं, तो पुटपुटला. आम्ही सगळे इथे समजत होतो की तुम्ही दोघं... वाक्य त्याने पुरे केले नाही आणि थर्मासचे झाकण उगाचच घट्ट केले. मग विचारले की तुमच्या नावापुढे काय लिहू. आज अजून काही लिहू नकोस, ब्रॉफी म्हणाला. तासानंतर त्या कुठल्या बाजूला गेल्या? टॉसीने हात वर केला. शहराकडे नाही, उजवीकडे, भिंतीच्या कडेने, बाहेरच्या रस्त्याने.

तो उजवीकडे वळला. भिंत उंच होती, शेवाळलेली, आणि रस्ता तिने म्हटला होता तसाच होता, कोणाच्या बापाचा नसलेला. डांबर खरोखरच कठीण होते. पहिल्या मैलात त्याचे मन, दुसरे काही येत नसल्यामुळे, वाद घालत राहिले. जबरी नव्हती: तिच्यावर त्याने कधी कसलीही जबरदस्ती केली नव्हती, या अटीत तो निर्दोष होता. परवानगी? ती तर त्याने कधी मागितलीच नव्हती. मग उरते चोरी. जो हक्क पिकायचा असतो तो उजेडात, मालकाच्या डोळ्यांदेखत वापरावा लागतो. लपूनछपून शंभर वर्षे चालले तरी वाट होत नाही. वीस वर्षे तो तिच्या शेजारून धावला होता आणि एकदाही उघड चालला नव्हता. 'दगड निसरडे', 'आडोसा मिळतो', असे लिहून प्रत्येक पाऊल त्याने मागे पुसून ठेवले होते. आणि वर्षातून एक दिवस, कोणी भलतीच आशा धरू नये म्हणून, स्वतःच साखळी घातली होती. त्याला नेहमी वाटत आले की फाटक तिचे आहे आणि तो बाहेर उभा आहे. भिंतीच्या कडेने धावताना, ओल्या आयव्हीच्या वेलीचा कडवट वास छातीत भरून घेत असताना, त्याच्या ध्यानात आले की एकोणीस वर्षे फाटकाच्या आत तोच बसला होता, घडीच्या खुर्चीवर, वही घेऊन, आणि नाव लिहून घेऊन परत पाठवीत होता ते तिला.

एक ट्रॅक्टर आला. धडधडत येऊन त्याने ब्रॉफीला गवतात सरायला लावले आणि चालवणाऱ्या तरुण पोरीने बोट उचलून नमस्कार केला. तिसऱ्या मैलानंतर भिंत खाली उतरली आणि नदीपलीकडे एकाएकी मठाचा मनोरा दिसला, मागून. त्याने तो आतून हजारदा पाहिला होता आणि त्याला मागची बाजू असेल हे कधी मनात आणले नव्हते. या बाजूने मनोरा अख्खा होता. पडझड सगळी आतल्या अंगाला होती. इकडून तो धुक्यात सरळ, शांत, छप्पर तेवढे काढून ठेवल्यासारखा उभा होता, आणि कावळे त्यातून उठून पुन्हा त्यातच बसत होते. ती इथे थांबली असेल, त्याला वाटले. थांबली असेल आणि कमरेवर हात ठेवून, शिट्टीसारखा श्वास सोडत, बघत राहिली असेल, आणि सांगायला शेजारी कोणी नसेल. त्याच्या डाव्या गुडघ्यात आता सुई फिरत होती. तो थांबला नाही. बंधाऱ्याचा आवाज या बाजूने वेगळा येत होता, मोठा, जवळचा. कधीतरी त्याने जाणले की आपण वाक्य बांधत आहोत, तिला म्हणायचे. मुख्य वाक्य, दोन गौण, मध्ये एक क्षमायाचना, शेवटी क्रियापद. ते चांगले वाक्य होते. पाचव्या मैलाच्या चढावर, ज्याला कोणत्याही पुस्तिकेत सौम्य म्हणता आले नसते, त्याचा दम उखडला आणि वाक्यातले एकेक पद गळून रस्त्यावर मागे राहू लागले, आणि त्याने ती उचलायला वळून पाहिले नाही.

फाटकापाशी तो पोहोचला तेव्हा धुके वितळत होते. टॉसीने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता रेडिओ बंद केला, गजांमधून चहाने भरलेले थर्मासचे झाकण पुढे केले. ब्रॉफीने चहा नको म्हटले आणि फोन मागितला. धावताना तो स्वतःचा कधी बरोबर आणत नसे. ईस्टरच्या कार्डावर तिने लिहिलेला नंबर त्याने आजवर एकदाही फिरवला नव्हता, आणि तो त्याला पाठ होता. पलीकडे बराच वेळ वाजत राहिले. मग कोणीतरी उचलले, आणि आधी आवाज आला तो समुद्राचा, आणि वाऱ्याचा, आणि मग धापेचा. ती धावत होती. दहा महिन्यांनंतरही तो श्वास त्याला ओळखता आला. दुसऱ्या मैलाचा होता.

"कार्मेल," तो म्हणाला. "मी फाटकापाशी आहे."

वारा बोलत राहिला. तिने विचारले की आज बंद असेल ना. तो म्हणाला, बंद आहे. आपण बाहेरून फेर घेतला, सहा मैल भरतात, हेही त्याला सांगायचे होते. मनोऱ्याला मागची बाजू आहे हे सांगायचे होते. वहीतले ते शेवटचे नाव वाचले हे तर सांगायलाच हवे होते. टॉसी, पाठ वळवून, चेस्टनटच्या पानांकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत होता.

"पुढच्या शनिवारी भेटू," ब्रॉफी म्हणाला.

तिकडे पावले थांबल्याचे त्याला ऐकू आले. लाट आली, गेली, पुन्हा आली. तो कानाशी फोन धरून उभा होता आणि त्याचा दुसरा हात, गंजाची रेघ असलेला, साखळीवर टेकलेला होता.

"इथे फाटक नाही, मॅलकी," ती म्हणाली. "येऊन कडी शोधत बसशील."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.